एकाच ट्रकचे तीन धूर

डिसेंबरातली पहाट होती. शिरवळजवळच्या एका ढाब्यावर आम्ही चहाला थांबलो होतो. समोर रात्रभर उभा असलेला एक मालट्रक चालकाने सुरू केला. इंजिन दोनदा-तीनदा खाकरलं, धडधडलं आणि मागून पांढुरका धूर जमिनीलगत पसरला. डोळे चुरचुरले, जिभेवर रॉकेलसारखी चव आली. गाडी चांगली दहा मिनिटं जागच्या जागी धडधडत राहिली.

पुढे सपाट रस्त्यावर तोच ट्रक आमच्या समोर आला, तेव्हा त्याच्या सायलेन्सरमधून काहीच निघताना दिसत नव्हतं. खंबाटकीचा चढ सुरू झाला आणि चित्र पुन्हा पालटलं. चालकाने गिअर उतरवून रेस दिली की काळाकुट्ट लोट उठायचा. आमच्या गाडीतल्या सगळ्यांनी घाईने काचा वर केल्या.

इंजिन, डिझेल, माल आणि चालक यांत काहीच बदललं नव्हतं, मग धूर तीन तऱ्हेचे कसे? आणि त्यांतला शरीराला जास्त वाईट कोणता? काळ्या धुराला आपण घाबरतो, पांढुरक्या धुरात उभं राहून चहा पितो आणि न दिसणाऱ्याचा तर विचारही करत नाही. हा हिशेब चुकीचा आहे.

पहाटे मी चालकाला विचारून सायलेन्सरच्या तोंडाची कड कागदी रुमालाने पुसून घेतली होती. रुमालावर तपकिरी, तेलकट डाग आला. घाट उतरून सुरूरला तो ट्रक पुन्हा भेटला, तेव्हा त्याच जागी दुसरा रुमाल फिरवला. या वेळी कोरडी काळी भुकटी लागली, फुंकर मारली तर उडेल अशी.

“मामा, सकाळी हे असं चिकट का होतं?” मी विचारलं.

“थंड इंजिन हाय ताई. डिझेल पुरतं जळत न्हाई. चढाला तापलं की मग कोरडं.”

प्रयोगशाळांनी गेल्या काही दशकांत जे शोधलं त्याचा अर्धा भाग या उत्तरात आहे. उरलेला अर्धा आपल्या फुफ्फुसांशी संबंधित आहे.

सिलिंडरमधली काजळी

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकून इंधन पेटवतात. डिझेलच्या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये यशस्वी करून दाखवलेली युक्ती अशी : सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची आणि ती जोरात दाबायची. आजच्या इंजिनांत ती साधारण १५ ते २० पट दाबली जाते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड गरम लागतं, तोच हा प्रकार. हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. अशा हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो.

अडचण इथेच आहे. फवारा आणि हवा नीट मिसळायला सेकंदाचे काही हजारांश भागच मिळतात. फवाऱ्याच्या कडेला प्राणवायू भरपूर असतो, पण गाभ्यात तो पोचतच नाही. गाभ्यातलं डिझेल तापतं, पण जळायला हवा नसते. मग त्याचे रेणू तुटतात आणि कार्बनच्या कड्या एकमेकींना जोडल्या जाऊन काजळी बनते. पूर्वी घरोघरी काजळ धरायचे ते आठवा. तुपाच्या दिव्यावर पितळी भांडं पालथं घालायचं, ज्योत भांड्याला लागली की जळण अर्धवट राहतं आणि भांड्याला काजळ धरतं. सिलिंडरमध्ये मिनिटाला शेकडो वेळा हेच होतं.

यातली नव्वद टक्क्यांहून जास्त काजळी तिथल्या तिथे पुन्हा जळून जाते. सायलेन्सरमधून बाहेर पडतं ते उरलंसुरलं. किती उरेल आणि कशा स्वरूपात उरेल हे इंधन किती सोडलं, हवा किती होती, उष्णता किती आणि वेळ किती मिळाला यावर ठरतं. आणि या चारही गोष्टी रस्ता आणि चालकाचा पाय मिळून ठरवतात.

काजळीचा एक मणी २०-३० नॅनोमीटरचा असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. असे मणी द्राक्षांच्या घडासारखे चिकटून साधारण १०० नॅनोमीटरचा कण तयार होतो. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पाचशे-सहाशे घड शेजारी शेजारी मावतील.

दव आणि धुकं

सायलेन्सरमधून काजळीबरोबर आणखी बरंच काही निघतं : न जळलेल्या आणि अर्धवट जळलेल्या डिझेलची वाफ, इंजिन ऑइलची वाफ आणि डिझेलमध्ये गंधक असेल तर गंधकाम्ल. नळीत सगळं गरम असतं तोवर ही वाफ वायुरूप राहते. बाहेरच्या हवेत थंड होताच तिला कुठेतरी बसायला जागा लागते.

थंडीत पहाटे गवतावर दव पडतं, तसं इथे होतं. काजळीचे कण म्हणजे गवत. गवत भरपूर असलं की वाफ त्यावर दवासारखी बसते आणि काजळीच्या प्रत्येक घडावर तेलकट लेप चढतो. गवतच नसेल तर दवाऐवजी धुकं होतं. वाफेचे स्वतःचेच थेंब बनतात, ५० नॅनोमीटरहूनही लहान. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि वजन केलं तर नगण्य भरतात, पण त्यांची संख्या प्रचंड असते. म्हणूनच स्वच्छ दिसणाऱ्या धुरात कधी कधी काळ्या धुराहून जास्त कण असतात. ढाब्यावरच्या पांढुरक्या धुरातले थेंब याच जातीचे, फक्त इंजिन अगदी थंड असल्याने ते डोळ्यांना दिसण्याइतके मोठे झालेले.

त्या तेलकट लेपात कोणते पदार्थ असतात हे महत्त्वाचं आहे. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी कड्यांनी बनलेली कार्बनी संयुगं असतात. त्यांना बहुवलयी संयुगं म्हणू. त्यांतलं बेन्झोपायरीन तंबाखूच्या धुरातही सापडतं आणि ते कर्करोगकारक आहे. काजळी ही नुसती हमाल. हमालाच्या पाठीवरचं ओझं गाडी कशी चालते त्यानुसार बदलतं.

उभी गाडी, चौक, चढ आणि उतार

गाडी उभी असताना इंजिनाला फार थोडं इंधन लागतं आणि हवा मुबलक असते. त्यामुळे काजळी कमी बनते, धूर काळा दिसत नाही. पण सिलिंडर थंड असतो. भिंतीलगतचं डिझेल पेटता पेटता विझतं किंवा पेटतच नाही. बाहेर पडणारा वायू जेमतेम १०० ते १५० अंशांचा असतो, त्यामुळे अर्धवट जळलेलं काहीच वाटेत जळून जात नाही. चुलीत ओलं लाकूड घातलं की ज्वाळा उठत नाही, पण डोळ्यांतून पाणी काढणारा धूर होतो, तसा हा प्रकार. या धुरातल्या कणांवर काजळीच्या मानाने तेलकट लेप जास्त असतो. माझ्या पहिल्या रुमालावरचा तपकिरी डाग तो हाच.

शहरातल्या चौकात गाडी थांबते, पुन्हा उसळी घेते, पुन्हा थांबते. चालकाने रेस दाबली की डिझेल क्षणात येतं. हवा मात्र टर्बो नावाच्या पंख्याने ढकलायची असते आणि तो पंखा बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरावर फिरतो. त्याला गती घ्यायला थोडा वेळ लागतो. म्हणजे चुलीत लाकडं आधी कोंबली आणि फुंकणी नंतर हाती घेतली. मधल्या क्षणी काळा ढग निघतो. एका फेरीत बस चाळीस वेळा थांबली तर चाळीस ढग, आणि ते नेमके थांब्यावर उभ्या माणसांच्या उंचीला. कागदावर सरासरी काढली की हे ढग आकड्यात विरून जातात, श्वासात मात्र विरत नाहीत.

घाटात मालाने भरलेली गाडी पूर्ण जोर लावते. डिझेल भरपूर जळतं, धुराचं तापमान ५०० अंशांच्या घरात जातं. या उष्णतेत तेलकट भाग बराचसा जळून जातो. उरते कोरडी, काळी काजळी, तीही ढिगाने. म्हणून दुसऱ्या रुमालावर भुकटी आली. पण कोरडी म्हणजे निरुपद्रवी नव्हे. एवढ्या उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि प्राणवायू एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडं मोठ्या प्रमाणात बनतात आणि ती बहुवलयी संयुगांना चिकटतात. त्यातून नायट्रो-संयुगं तयार होतात. जपानमधल्या क्योटो विद्यापीठाचे हितोमी सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये डिझेलच्या धुरात थ्री-नायट्रोबेन्झॅन्थ्रोन हे संयुग सापडल्याचं जाहीर केलं. जनुकांमध्ये बदल घडवण्याच्या चाचणीत ते तोवर माहीत असलेल्या सर्वांत जहाल पदार्थांपैकी एक ठरलं. इंजिनावरचा भार वाढला की त्याचं प्रमाण झपाट्याने वाढतं, हेही त्यांनी दाखवलं. ओव्हरलोड ट्रकमुळे फक्त रस्ताच खराब होतो असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

उतारावर गाडी गिअरमध्ये असते आणि पाय रेसवर नसतो, तेव्हा बहुतेक नव्या इंजिनांत डिझेल पूर्ण थांबतं. मग धूरही थांबायला हवा. फिनलंडमधल्या टाम्परे इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की तेव्हाही अतिसूक्ष्म कण बाहेर पडत राहतात. ते येतात सिलिंडरच्या भिंतीवरच्या इंजिन ऑइलमधून. त्या ऑइलमध्ये जस्त, कॅल्शियम, फॉस्फरस असे घटक मुद्दाम घातलेले असतात, आणि कणांबरोबर तेही हवेत येतात.

हमरस्त्यावर एका वेगाने चालणारी, नीट तापलेली गाडी त्यातल्या त्यात बरी. फक्त डिझेलमध्ये गंधक जास्त असेल तर वेगाच्या उष्णतेत सायलेन्सरमधलं उत्प्रेरकच त्याचं गंधकाम्ल बनवतं आणि मागे अदृश्य धुकं उठतं. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ मानक आलं आणि डिझेलमधलं गंधक दहा लाखात ५० भागांवरून १० भागांवर आणलं गेलं, त्याचं एक कारण हे आहे.

चौकट : चालण्यावर धूर कसा ठरतो

थंड इंजिन, उभी गाडी : काजळी कमी, तेलकट लेप जास्त, उग्र वास.
थांबत-सुटत जाणं : प्रत्येक उसळीला काजळीचा ढग, श्वासाच्या उंचीवर.
भरलेली गाडी, चढ : कोरड्या काजळीचा ढीग, नायट्रो-संयुगं जास्त.
गिअरमध्ये उतार : डिझेल बंद, तरी इंजिन ऑइलचे अतिसूक्ष्म कण.
एकसारखा वेग, तापलेलं इंजिन : सर्वांत कमी त्रास, डिझेलमध्ये गंधक नसेल तर.

वजन वेगळं, जहालपणा वेगळा

धुराचं नियमन करताना आजवर मुख्यतः वजन मोजलं गेलं : किलोमीटरमागे किती मिलिग्रॅम. पीयूसी केंद्रावर तर डिझेलच्या धुराचं वजनही होत नाही. धूर किती उजेड अडवतो, म्हणजे किती काळा आहे, एवढंच तिथे पाहतात. तेही उभ्या गाडीला, मालाविना, रेस देऊन. पहाटेचा तेलकट धूर आणि उतारावरचे ऑइलचे कण त्या यंत्राला जवळजवळ दिसतच नाहीत.

वाटीभर फिकी आमटी आणि चिमूटभर ठेचा यांत वजनाने आमटी जास्त, पण जीभ कशाने भाजते ते आपल्याला ठाऊक आहे. उभ्या गाडीचा धूर वजनाने हलका असला तरी त्याच्या एका ग्रॅममध्ये तेलकट विषाचा वाटा मोठा असतो. घाटातल्या धुराच्या एका ग्रॅममध्ये तो लहान असतो, पण ग्रॅम पुष्कळ असतात. दोन्ही हिशेब मांडल्याशिवाय कोणता धूर वाईट हे सांगता येत नाही.

जहालपणा मोजायची एक चाचणी अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात तयार केली. त्यात सॅल्मोनेला जिवाणूंची अशी जात घेतात जिला स्वतःला लागणारा एक अन्नघटक बनवता येत नाही. तो घटक न देता ठेवलं तर ती वाढत नाही. जनुकात नेमका बदल झाला तरच ती तग धरते. आता त्यात धुरातून काढलेला अर्क घालायचा आणि किती ठिपके उगवतात ते मोजायचं. जितके ठिपके, तितका अर्क जनुकांशी खेळणारा. सुझुकींच्या संयुगाचा जहालपणा याच चाचणीत दिसला.

जनुकांखेरीज दुसरा मार्गही आहे. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं. हवेतला प्राणवायू त्याच्या पेशींवर काम करतो. कणांवरचे काही पदार्थ आणि धातू फुफ्फुसात अशीच प्राणवायूची झटापट लावून देतात. तिला वैद्यकात ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. त्यातून दाह सुरू होतो.

फुफ्फुसात शिरल्यावर

धुळीचा मोठा कण नाकात किंवा घशात अडकतो आणि शिंकेने, खोकल्याने बाहेर पडतो. २० नॅनोमीटरच्या कणाला तो अडथळा लागत नाही. श्वासाबरोबर आत गेलेल्या अशा कणांपैकी निम्म्याच्या आसपास फुफ्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांतच बसतात. तिथून रक्त अगदी पातळ पडद्याच्या पलीकडे असतं. कण जितका लहान तितका एका ग्रॅममागे पृष्ठभाग मोठा. गुळाचा खडा आणि तोच खडा किसून घेतला तर किसलेला लगेच विरघळतो, तसं त्याच्यावरचं विष पेशींना चटकन भिडतं.

हे माणसांवरही तपासलं गेलं आहे. स्वीडनमधलं उमेओ आणि स्कॉटलंडमधलं एडिंबरा इथले संशोधक स्वयंसेवकांना मोजून पातळ केलेल्या डिझेलच्या धुरात एक तास बसवतात, अधूनमधून व्यायामाची सायकल मारायला लावतात आणि नंतर हाताच्या रक्तवाहिन्या औषधाला कशा फैलावतात ते पाहतात. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवरचा त्यांचा २००७ चा प्रयोग गाजला. धुरात सायकल मारताना त्यांच्या हृदयाच्या आलेखात रक्त कमी पडल्याच्या खुणा जास्त उमटल्या.

आपल्या कोड्याला थेट भिडणारा प्रयोग २०१० चा. आधीच्या प्रयोगांत धूर नुसत्या उभ्या चालणाऱ्या इंजिनाचा होता. या वेळी शहरात थांबत-सुटत चालल्यासारखं इंजिन चालवून त्याचा धूर दिला. धुरातलं मिश्रण बदललं, तरी निरोगी तरुणांच्या रक्तवाहिन्यांचा फैलाव पुन्हा मंदावला. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. चालण्याची तऱ्हा बदलली की विषाचा प्रकार बदलतो. उभी गाडी म्हणून सुटका होत नाही आणि चालती गाडी म्हणूनही नाही.

लंडनचा ऑक्सफर्ड स्ट्रीट हा बस आणि टॅक्सींची रांग लागलेल्या रस्त्यांपैकी एक. त्या काळी दोन्ही डिझेलच्याच. दमा असलेल्या ६० माणसांना तिथे दोन तास चालवलं आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी तितकंच जवळच्या हाइड पार्कात चालवलं. २००७ मध्ये निकाल आला : रस्त्यावर चालल्यावर फुफ्फुसांची क्षमता उद्यानातल्यापेक्षा ठळकपणे जास्त घटली होती.

दीर्घकाळाचा हिशेब खाणकामगारांनी दिला. जमिनीखाली डिझेलची यंत्रं वापरणाऱ्या अमेरिकेतल्या आठ खाणींमधल्या १२,३१५ कामगारांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. धुराचा संपर्क जितका जास्त, तितके फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू जास्त. त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलं. १९८८ पासून तो संशयिताच्या गटात होता.

गाळणी आणि तिची भूक

बीएस ६ च्या डिझेल गाड्यांत डीपीएफ नावाची गाळणी असते. चिनी मातीसारख्या सच्छिद्र पदार्थाच्या शेकडो अरुंद गल्ल्या, एक गल्ली पुढून बंद, शेजारची मागून बंद. धुराला बाहेर पडायचं तर भिंतीतून झिरपावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. नीट चालणारी गाळणी ९५ टक्क्यांहून जास्त घन कण अडवते.

पण कंदिलाची काच पुसावी लागते, तशी ही गाळणीही साफ व्हावी लागते. अडकलेली काजळी जाळून टाकायला साधारण ६०० अंशांची उष्णता हवी. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, किंवा सगळा वेळ वाहतुकीत अडकत असेल, तर ती उष्णता मिळत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्या दिव्याचा अर्थ गाडीला पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालवा, असा आहे. म्हणजे गाळणीचं कामही चालण्याच्या तऱ्हेवर अवलंबून आहे.

चाचणीचंही तसंच. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेत गाड्यांची मान्यतेसाठी चाचणी होते. गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या वेगाच्या आराखड्याने चालवतात. आराखडा ठरलेला असला की गाडी त्या आराखड्यापुरती स्वच्छ ठेवता येते, हे २०१५ मध्ये फोक्सवॅगन या कार कंपनीच्या प्रकरणात सगळ्या जगाने पाहिलं. त्यात प्रश्न नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा होता. म्हणून १ एप्रिल २०२३ पासून भारतात नव्या गाड्यांच्या मॉडेलांना प्रत्यक्ष रस्त्यावरही धूर तपासून दाखवावा लागतो. मोजणीचं यंत्र गाडीच्या मागे बांधतात आणि गाडी शहरात, गावात, हमरस्त्यावर चालवतात.

पण गाळणीने शरीराला खरंच फरक पडतो का? एडिंबरा आणि उमेओच्या त्याच गटाने २०११ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तोच धूर, तेच स्वयंसेवक. फक्त एका वेळी मधे गाळणी बसवलेली. गाळणी असताना रक्तवाहिन्यांवरचा आणि रक्त गोठण्यावरचा वाईट परिणाम दिसला नाही.

काही गॅरेजांत ही गाळणी “त्रास देते” म्हणून काढून टाकतात. गाडी हलकी चालते, दिवा विझतो, आणि मागच्या दुचाकीवरच्या मुलाच्या छातीत ती काजळी जाते. डिझेल गाडी असेल तर दिवा लागल्यावर तिला हमरस्त्यावर घेऊन जा. शाळेच्या फाटकापाशी, दवाखान्यासमोर, चहाच्या टपरीवर थांबलात तर इंजिन बंद करा, धूर दिसत नसला तरी. आणि गॅरेजवाल्याने विचारलं, तर ती गाळणी काढू देऊ नका.